साडेअठरा मिनिटं

रात्री अकरानंतर गंगावेशीत म्हशी येतात,
मालकापेक्षा रुबाबात.
कृष्णात ग्लास धरतो, धार लागते,
आणि मिशीवर फेस आला की
सरनोबत सर अमेरिका उघडतात.

तेहतीस वर्षं इतिहास शिकवला त्यांनी.
पुस्तकात अमेरिका दीड पान होती,
उरलेली आम्हाला इथं, कट्ट्यावर, फी माफ.

"एक अध्यक्ष. जुलैतलं ऊन, तास न् तास भाषणं.
घरी आला, चेरी खाल्ल्या, वर गार दूध प्याला.
पाच दिवसांत खलास."

धार थांबली.
"दूध कुणाचं?" कृष्णात म्हणाला.
"नोंद नाही."
"मग म्हशीचं नसणार. तेवढं लिहून घ्या."

"एकशे एक्केचाळीस वर्षांनी उकरून काढला बिचाऱ्याला,
विष घातलं होतं का बघायला. नव्हतं."
"आमच्यात मेलेला मतदानाला उठतो,"
मागून कुणीतरी, "तपासणीला न्हाई."

मग तो दुसरा, ज्याला चाहत्यांनी चीजचा गोळा पाठवला,
सहाशे किलोच्या वर.
बंगल्यात ठेवला दोन वर्षं,
आणि मुदत संपता संपता दारं उघडून म्हणाला, खावा.
दोन तासांत फडशा.
गालिच्यातला वास तेवढा
पुढच्या अध्यक्षाच्या ताब्यात रीतसर गेला.

एका खासदारानं भर सभागृहात
दुसऱ्याला काठी मोडेपर्यंत बडवला.
मतदारसंघानं काय केलं?
नव्या काठ्या पाठवल्या, पार्सलनं.
आमच्या महापालिकेत माईक उपटतात फार तर,
त्याचंही बिल लागतं, आणि माईक आधीच बंद असतो.

किटलीच्या आकाराच्या डोंगराखाली तेल निघालं,
मंत्र्यानं ते परस्पर भाड्यानं दिलं,
आणि लाखभर डॉलर काळ्या पिशवीतनं घरपोच.
"चहाचं नाव आलं की असंच हुतंय,"
कृष्णात शांतपणे म्हणाला,
समोरच्या टपरीकडं बघत.

सर राखून ठेवतात ती टेप शेवटाला.
साडेअठरा मिनिटं पुसलेली.
सेक्रेटरीबाईंनी सांगितलं, त्यातली चारपाच आपली असतील:
फोन घ्यायला मागं वाकले, हात तिकडं,
आणि पाय पेडलवर राहिला.
तसा फोटोसुद्धा दिला काढून.

संभा चौगले उठला. तालमीतला गडी,
मानेवर कोट, कान चुरगाळलेले.
"करून बघतो की, त्यात काय."
खुर्ची आणली. पेडल म्हणून किटलीचं झाकण,
फोन म्हणून माझी चप्पल, मागं, हातभर लांब.
वाकला. ताणला. दात खाल्ले.
आम्ही मोबाईलवर वेळ लावलेली:
एक्केचाळीस सेकंद,
आणि खुर्ची, संभा, दीड लिटर दूध, सगळं चितपट.

"बाई न्हवं ती," उताणा पडल्या पडल्या तो म्हणाला,
"वस्ताद हाय."

हसता हसता म्हशी बिचकल्या.
सर डोळे पुसत होते.
तेव्हा कृष्णातानं ग्लास विसळत, कुणाकडंही न बघता,
विचारलं:
"सर, मंडळाची त्र्याण्णवची वर्गणीची वही
घावली का वो?"

"पुरात गेली," सर म्हणाले. "दोन हजार पाचच्या."

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाताय."

सरांनी ग्लास तोंडाला लावला.
रिकामा होता. तरी लावला, धरून ठेवला.
लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, रिक्षा गेली,
म्हशीनं शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं.
अमेरिकेबद्दल कुणालाच काही आठवेना.

मी खुर्ची सरळ केली, चप्पल घातली,
मोबाईलवरची वेळ बंद केली.

त्या वहीवर दुसरी सही माझी होती.